जेऊर येथील १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण आणि नवोदित संशोधकांच्या मान्यतेचा प्रश्न

प्रस्तावना

मोडनिंबहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग कुर्डुवाडीस मुंबई–सोलापूर या मुख्य मार्गाला मिळतो. कुर्डुवाडीहून पुण्याच्या दिशेने निघाले आणि केम मागे टाकले की करमाळा तालुक्यातील जेऊर हे स्थानक येते. नगर जिल्ह्यातही याच नावाचे एक गाव आहे. परंतु खगोलशास्त्राच्या इतिहासात ज्या जेऊरचा उल्लेख येतो ते हे रेल्वेवरचे जेऊर होय. शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९ च्या पौष अमावास्येस, येथे खग्रास सूर्यग्रहण दिसले. सूर्यबिंब पूर्णपणे झाकले गेले ते सुमारे दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे पथक अर्ध्या पृथ्वीचा वळसा घालून येथे आले होते. आणि पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन आले होते.

आपल्या परिसरातील महाविद्यालयांना सार्वजनिक विज्ञान-प्रसंग आता नवे राहिलेले नाहीत. सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. राज्यातील विद्यापीठांसाठीचे ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन २००६ पासून सुरू झाले. म्हणजे माढा, करमाळा, पंढरपूर या तालुक्यांतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने स्वतंत्र विद्यापीठ आणि संशोधन संमेलन या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वयाच्या आहेत. दरवर्षी भित्तिपत्रके लागतात, परीक्षक येतात, प्रमाणपत्रे मिळतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एखादी विद्यार्थिनी आपल्या गावच्या पाण्यातील क्षारांचे विश्लेषण मांडते आणि तिचे कौतुक होते. त्यानंतर तिचे आणि त्या विश्लेषणाचे काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सार्वजनिक विज्ञान-प्रसंगातून उमेदीच्या संशोधकाला मान्यता कशी मिळते आणि ती कशाच्या आधारावर टिकते, हे जेऊरच्या ग्रहणाच्या निमित्ताने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

सावलीची वाट

या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी भारतात शिरला आणि ईशान्येकडे जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्ध्याजवळचे पुलगाव असा ओलांडत रेवा संस्थानातील शहडोलच्या बाजूस गेला. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर होते. तळणीस ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक होते. पुलगावास न्यूवॉल आणि शहडोल येथे ग्रिनिचचे राजज्योतिषी क्रिस्ती यांचे तळ होते. विजयदुर्ग सोडले तर ही बहुतेक ठिकाणे रेल्वेने सहज गाठता येण्याजोगी होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली नसती तर टनावारी उपकरणे करमाळ्याच्या माळावर कोणी आणली असती असे वाटत नाही. जानेवारीत दख्खनच्या पठारावर आकाश निरभ्र असते, हे दुसरे कारण.

काळ मात्र कठीण होता. १८९६–९७ च्या दुष्काळातून सोलापूर जिल्हा नुकताच बाहेर पडत होता. पुण्यात प्लेगने पुन्हा उचल खाल्ली होती. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी ही तेव्हाची नित्याची आणि अप्रिय बाब होती. अशा वातावरणात परदेशी पाहुणे माळावर राहुट्या ठोकून, दगडी बांधकाम करून, आकाशाकडे रोखलेला चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारीत होते. परिसरातील शेतकऱ्याला त्याचा काय अर्थ लागला असेल, याची कल्पनाच करावी लागते. त्याच्या दृष्टीने तो शनिवारच्या अमावास्येचा पर्वकाळ होता. स्नान, दान आणि मोक्षाची वाट पाहणे हाच त्या दिवसाचा क्रम होता. ग्रहण हा प्रसंग सर्वांना एकाच वेळी खुला असतो, त्यासाठी निमंत्रणपत्रिका लागत नाही. त्या अर्थाने जेऊरच्या माळावर घडले ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील एक मोठे सार्वजनिक विज्ञान-प्रात्यक्षिक म्हणावे लागेल. ते प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांना समजावून सांगण्याची व्यवस्था मात्र त्यात नव्हती.

लिक वेधशाळेच्या पथकाचे प्रमुख विल्यम वॉलेस कॅम्पबेल हे तेव्हा ३५ वर्षांचे होते. मोहिमेचा खर्च कॅलिफोर्नियातील क्रॉकर या धनिक कुटुंबाच्या देणगीतून झाला. कॅम्पबेल यांच्या पत्नी एलिझाबेथ त्यांच्यासमवेत होत्या आणि तळाच्या कामात त्यांचा प्रत्यक्ष हातभार होता. साहाय्यक म्हणून हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी व त्यांच्या परिवारातील मंडळी स्वेच्छेने कामास लागली होती. ग्रहणवेधाचे काम मुळातच अनेक हातांचे असते. एकाने सेकंद मोठ्याने मोजायचे, एकाने झडप उघडायची, एकाने काचेची पट्टी बदलायची; यांपैकी एकाचाही हात थरथरला तर महिन्यांची तयारी वाया जाते. असे असूनही इतिहासात उरते ते पथकप्रमुखाचे नाव. कॅम्पबेल १९०१ मध्ये लिक वेधशाळेचे संचालक झाले. पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रहणाच्या वेळी ताऱ्यांच्या प्रकाशाचे वळणे मोजून आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा घेणारे कॅम्पबेल ते हेच.

नायगमवाला आणि पुण्याची वेधशाळा

कावसजी नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. १८८२ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक होते. त्या वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटविषयक प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच रक्कम त्यात घातली. पंचविशीतील एका अध्यापकावर दाखविलेला हा विश्वास त्या काळाच्या मानाने असाधारण होता. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तेथील ज्योतिर्विदांशी त्यांनी विचारविनिमय केला आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेच्या आवारात, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली वीस इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते. त्या काळी देशात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

या वेधशाळेतून झालेले एक आरंभीचे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कोणत्या द्रव्याची, याविषयी लॉकयर आणि हगिन्स यांच्यात तीव्र वाद चालू होता. लॉकयर यांच्या उल्कासिद्धांताला ती रेषा अंधुक, एका बाजूस पसरट दिसणे सोयीचे होते. हगिन्स तिला स्पष्ट आणि रेखीव म्हणत. लॉकयर हे नायगमवालांचे हितचिंतक व सल्लागार होते. पुण्याहून १८९१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात नायगमवालांनी ती रेषा सर्व परिस्थितीत रेखीवच दिसते असे नोंदविले. ज्याच्या शब्दाने आपले दार उघडले त्याच्या मताविरुद्ध जाणारे निरीक्षण जसेच्या तसे छापावयास देणे, हे वसाहतीतील चौतीस वर्षांच्या अध्यापकाला सोपे गेले असेल असे मला वाटत नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले. लॉकयर यांचे म्हणणे तोपर्यंत केव्हाच मागे पडले होते.

जेऊरला येताना नायगमवाला चाळिशीत होते. ग्रहणाच्या आरंभी व अखेरीस, सूर्याची तेजस्वी चकती झाकली जात असता किंवा उघडत असता, तिच्या कडेवरील वर्णमंडलाचा वर्णपट केवळ काही क्षण चमकून जातो. तो क्षणिक वर्णपट आणि प्रभामंडलाचा वर्णपट छायाचित्रित करणे हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट होते व त्यांना छायाचित्रे मिळाली. परदेशी पथकांच्या त्या मांदियाळीत भारतीयाच्या नेतृत्वाखाली, भारतीय संस्थेच्या साधनांनी काम करणारे पथक म्हणून नायगमवालांच्या पथकाचे महत्त्व वेगळे आहे. जेऊर येथील कार्याचा त्यांचा अहवाल तख्तसिंहजी वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. प्रसंग दोन मिनिटांचा आणि त्याचे लेखन चार वर्षांचे, हे प्रमाण आजच्या संमेलनांच्या आयोजकांनी मनावर घ्यावे असे आहे.

नायगमवालांना १९०० मध्ये वेधशाळेचे पूर्णवेळ संचालकपद मिळाले. मान्यता मिळाली, पण ती व्यक्तीला मिळाली. त्यांच्यामागे काम पुढे नेणाऱ्या माणसाची तजवीज झाली नाही, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात खगोलभौतिकीला घर मिळाले नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला पाठविण्यात आली. वीस इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली. तिच्या नावात दात्याचे संस्थान राहिले. पुणे राहिले नाही आणि नायगमवालाही राहिले नाहीत.

तळणीचा तळ

त्याच सावलीत, जेऊरहून पुढे वऱ्हाडात, तळणी येथे दोन तरुण व्यक्ती होत्या. त्यांचे पुढे काय झाले ते पाहिल्याशिवाय नायगमवालांची गोष्ट नीट कळत नाही.

पहिले जॉन एव्हरशेड. वय ३३. ते तेव्हा पगारी ज्योतिर्विद नव्हते, हौशी निरीक्षक होते. तळणीस त्यांनी वर्णमंडलाच्या क्षणिक वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली. आठ वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांची सरकारी नोकर म्हणून कोडाईकनालला नेमणूक झाली; १९०९ मध्ये सूर्यडागांतील वायूंच्या अरीय प्रवाहाचा त्यांचा शोध प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये ते तेथील संचालक झाले. पुण्याची उपकरणे कोडाईकनालला पोहोचली तेव्हा ती ताब्यात घेणाऱ्या संस्थेचे प्रमुख एव्हरशेड होते. एकाच ग्रहणाच्या पट्ट्यात, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोघांपैकी एकाची वेधशाळा अशा रीतीने दुसऱ्याच्या भांडारात जमा झाली. यात एव्हरशेड यांचा काही दोष नव्हता. एक संस्था शासनाने चालविण्याचे ठरविले होते, दुसरी एका माणसाच्या सेवाकालाएवढीच होती.

दुसऱ्या व्यक्ती ॲनी मॉन्डर. वय २९. केंब्रिजमधील गणिताचे शिक्षण पुरे करून त्या १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत गणनसाहाय्यिका म्हणून रुजू झाल्या होत्या. १८९५ मध्ये तेथीलच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी विवाह झाल्यावर तत्कालीन नियमानुसार त्यांना नोकरी सोडावी लागली. तळणीस त्यांनी दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचे छायाचित्र घेतले. सूर्यापासून दूरवर गेलेला एक किरण त्यात उमटला. तोपर्यंत छायाचित्रात आलेला तो सर्वांत लांब किरण मानला गेला. जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा आणि तळणीचे दीड इंची भिंग ही तुलना आपल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी ध्यानात ठेवावी. साधन लहान असले तरी प्रश्न नेमका असेल तर काम होते. मोहिमेचा ग्रंथ १८९९ मध्ये निघाला, संपादक वॉल्टर मॉन्डर. ॲनी यांचे नाव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी १८९२ मध्येच सुचविले गेले होते आणि स्त्री असल्याने ते मान्य झाले नव्हते. सोसायटीने स्त्रियांना प्रवेश दिला १९१६ मध्ये. त्या वर्षी ॲनी सदस्य झाल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. उमेदीच्या वयातील कामाची मान्यता उमेद सरल्यावर मिळाली, असेच म्हणावे लागते.

बार्शीचा शिक्षक आणि विजयदुर्गाचे ओटे

या सर्वांहून निराळी वाट शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची. त्यांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी शाळांतून शिकविण्याचे काम केले; बार्शीमुळे ते आपल्या जिल्ह्याचेही होतात. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती, मोहीम नव्हती. भारतीय पंचांगाचा आणि ज्योतिषाचा इतिहास लिहिण्यास दक्षिणा प्राइज कमिटीच्या पारितोषिकाचे निमित्त झाले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचा त्यांचा ‘इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथही निघाला. जेऊरच्या ग्रहणानंतर तीन महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, ते वारले. वय ४४. शाळामास्तराच्या एकांतातील अभ्यासाला मान्यता देणारी एक व्यवस्था एकोणिसाव्या शतकात येथे होती, ती पूर्ण झालेला ग्रंथ मागत होती आणि मराठीत मागत होती. दक्षिणा प्राइज कमिटीवर त्या काळी आणि नंतरही पुष्कळ टीका झाली आहे. तिच्या पारड्यात दीक्षितांचा ग्रंथ टाकल्याशिवाय तिचे मोजमाप करू नये, असे माझे मत आहे.

सार्वजनिक स्मृती कोणाला धरून ठेवते, हे विजयदुर्गावर दिसते. तेथील चौथऱ्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकयर यांना तेथे हेलियमचा शोध लागला असे सांगतात. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम दिन म्हणून साजरा होतो. वस्तुस्थिती अशी की १८६८ च्या ग्रहणासाठी लॉकयर भारतात आलेच नव्हते. त्या ग्रहणाचा वेध यान्सेन यांनी गुंटूर येथे घेतला आणि लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाविना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. पुढे १८७१ च्या ग्रहणासाठी ते मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे आले आणि विजयदुर्गावर आले ते १८९८ मध्ये. लोकांनी दोन ग्रहणे एकत्र केली. या उत्सवाने कोकणातील मुलांना विज्ञानाकडे वळविले तर त्यात वावगे काही नाही. फक्त ज्या ग्रहणाशी त्या ओटांचा खरा संबंध आहे, त्याच ग्रहणात नायगमवाला जेऊरला होते, हेही तेथे सांगितले जावे.

संमेलने आणि पारितोषिके

विसाव्या शतकात विज्ञान-प्रसंगांना कायमचे स्वरूप आले. मॅकमहॉन आणि सायमनसेन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यास भरले. महाराष्ट्रात ते अनेकदा झाले. नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनाचे अध्यक्ष प्रफुल्लचंद्र राय होते, पुण्याच्या २००० च्या अधिवेशनाचे रघुनाथ माशेलकर. तरुणांसाठी स्वतंत्र मान्यतेची सोय मात्र उशिरा आली. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे युवा वैज्ञानिक पदक १९७४ पासूनचे आणि विज्ञान काँग्रेसचा युवा वैज्ञानिक पुरस्कार १९८१ पासूनचा. मुंबईच्या २०१५ च्या अधिवेशनाची आठवण वृत्तपत्रांच्या वाचकांना विचारली तर बहुतेकांना प्राचीन विमानविद्येवरील निबंधाचा वाद आठवेल. त्या वर्षीचे युवा पुरस्कार कोणाला मिळाले हे क्वचितच कोणी सांगू शकेल. कोविडमुळे दोन वर्षे खंडित झालेले हे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपुरास झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा भरले नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाचीही अशीच एक दुसरी बाजू आहे. १९८७ पासून आपण २८ फेब्रुवारी साजरा करतो तो रामन यांच्या १९२८ मधील शोधासाठी. त्या शोधाच्या पहिल्या निवेदनावर रामन यांच्यासमवेत के. एस. कृष्णन यांचे नाव होते. कृष्णन तेव्हा २९ वर्षांचे होते. १९३० चे नोबेल पारितोषिक रामन यांना एकट्यांना मिळाले. शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक १९५८ मध्ये पहिल्यांदा दिले गेले ते कृष्णन यांना, त्यांच्या ५९ व्या वर्षी. पुढे त्याच पारितोषिकाला ४५ वर्षांची वयोमर्यादा आली आणि २०२४ पासून ‘विज्ञान युवा’ या नावाने ते राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत समाविष्ट झाले.

आपल्याकडील विज्ञान दिनाचा सर्वांत मोकळा प्रसंग जुन्नर तालुक्यातील खोडदला दिसतो. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात २८ फेब्रुवारीच्या सुमारास प्रदर्शन भरते, शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपली उपकरणे मांडतात आणि गावकरी शेतातून येऊन शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. जेऊरला जी व्यवस्था नव्हती ती येथे आहे. याचे कारण उघड आहे: प्रदर्शन संपल्यावरही तीस तबकड्या आणि त्या चालविणारी माणसे तेथेच राहतात.

‘आविष्कार’चे मूल्यमापन याच कसोटीवर करावयास हवे. महाविद्यालयापासून राज्यापर्यंतची त्याची पायऱ्यांची रचना चांगली आहे, मानव्यविद्यांना त्यात स्थान आहे हे विशेष. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुणांक जोडले तेव्हापासून अशा प्रसंगांतील सहभागाकडे आपण सगळेच काहीसे हिशेबी नजरेने पाहू लागलो, हे कबूल केले पाहिजे. विद्यार्थ्याचे भित्तिपत्रक संमेलनानंतर गुंडाळून कपाटावर जाते. त्यातील आकडे कोणत्याही नोंदवहीत उतरत नाहीत. पुढील वर्षी नवा विद्यार्थी त्याच विहिरींचे पाणी नव्याने तपासतो आणि मागील वर्षीच्या मुलीने काय मोजले होते ते त्याला ठाऊक नसते. नायगमवालांच्या अहवालाचा खंड छापला गेला म्हणून सव्वाशे वर्षांनंतर जेऊरविषयी काही लिहिता येते. महाविद्यालयांच्या संशोधनपत्रिकांनी ‘आविष्कार’मधील निवडक प्रकल्प, मोजमापांच्या संपूर्ण तक्त्यांसह आणि विद्यार्थ्याचे नाव मार्गदर्शकाच्या आधी घालून, दरवर्षी छापण्यास आरंभ करावा; त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही, सोळा पृष्ठे पुरेशी आहेत.